“तू चिडशील म्हणून सांगितलं नाही”

आज घरचीच गोष्ट सांगतो.

मी पेमेंट ॲपचा कोड लिहितो. फ्रॉड कसा रोखायचा, यावर आठवड्यातून दोन मीटिंग असतात. आणि माझ्याच बाबांचे साडेअठरा हजार एका फोनवर गेले.

बाबा ६८ वर्षांचे, साताऱ्यात राहतात. दुपारी फोन आला. “काका, तुमच्या हेल्थ पॉलिसीचा हप्ता चुकलाय. पाच वाजता पॉलिसी बंद होईल. मग शुगरचा वेटिंग पिरियड पुन्हा पहिल्यापासून!” नाव, पॉलिसीची तारीख, सगळं बरोबर. बाबांनी व्हॉट्सॲपवर आलेला क्यूआर स्कॅन केला आणि पैसे भरले.

ही भीती पूर्ण खोटी नाही, म्हणून तर ती चालते. पण वर्षाच्या हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते. त्या मधल्या दिवसांत कव्हर मिळत नाही, पण वेटिंग पिरियडची झालेली वर्षं वाया जात नाहीत. ‘आज पाच वाजता’ असं काही नसतं!

बाबांनी मला हे तिसऱ्या दिवशी सांगितलं. का? “तू चिडशील म्हणून.” कारण मागे एकदा ओटीपीवरून मी ओरडलो होतो, “किती वेळा सांगायचं तुम्हाला?” १९३० वर लगेच फोन केला, तर पैसे पुढे जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. आम्ही केला तोवर ते पुढे गेले होते. परत आले नाहीत.

आता आमच्या फ्रिजवर एक कागद आहे. त्यावर हप्त्याची तारीख, पॉलिसीच्या कागदावरचा कंपनीचा नंबर आणि १९३०. नियम एकच: आलेल्या फोनवर पैसे भरायचे नाहीत. फोन ठेवायचा आणि आपण कंपनीला लावायचा.

अजून दोन गोष्टी. ‘आयआरडीएआयमधून बोलतोय, बोनस आलाय’ म्हणाले, की फोन कट करा. ती विम्यावर देखरेख ठेवणारी संस्था आहे, पॉलिसी विकत नाही की बोनस वाटत नाही. आणि सत्तरीपुढच्या आजी-आजोबांचं आयुष्मान कार्ड मोफत असतं. त्यासाठी फी मागणारा चोरच.

आज रात्री घरी फोन करा. कागद नंतर चिकटवा. आधी एवढंच सांगा, “काही झालं तरी लगेच मला सांगा. मी चिडणार नाही.”

आणि खरंच चिडू नका. भेटू पुढच्या भागात!