मोझॅकच्या लादीचा रंग बदलायला गेलो

आज कोडबद्दल काही नाही, आज लादी.

आमचं नाशिकचं घर 1986 सालचं. सगळीकडे मोझॅक टाइल्स. त्यालाच हल्ली इंटिरियरवाले टेराझो म्हणतात आणि भरपूर पैसे घेतात. आमची मात्र मळकट तपकिरी. मला राखाडी हवी होती. फोडून व्हिट्रिफाइड बसवायला आईचा ठाम नकार, कारण ही लादी बाबांनी स्वतः कारखान्यात जाऊन निवडलेली. बाबांना जाऊन दोन वर्षं झालीत. म्हटलं, वाद नको, नुसता रंग बदलू.

आधी बाल्कनीच्या दाराशी चार लाद्यांना इपॉक्सी पेंट मारला. तीन महिन्यांत पापुद्रे सुटले. वर गुळगुळीत पॉलिश, त्यात मुरलेलं जुनं मेण, शिवाय तळमजला म्हणजे खालून ओल. रंग धरणार कशाला?

मग अ‍ॅसिड स्टेन मागवणार होतो. ते सिमेंटमधल्या चुन्याशी प्रक्रिया होऊन रंग धरतं. पण लादीत बराच भाग संगमरवराच्या चिप्सचा. त्यांना तो रंग नीट चढत नाही, उलट अ‍ॅसिड त्यांना खातं. कोपऱ्यात लिंबाचा थेंब अर्धा तास ठेवून पाहिला. तिथली चकाकी गेली. ऑर्डर कॅन्सल.

शेवटी पॉलिशवाल्या मिस्त्रींना बोलावलं. ते म्हणाले, "साहेब, रंग वर नाही, आत आहे." खरंय. रंगाची पूड सिमेंटमध्येच कालवलेली असते आणि वरचा थर चांगला पाच-सहा मिलीमीटर असतो. घासा, तोच रंग येणार. वेगळा हवा तर लादीच वेगळी आणा.

तरी म्हटलं, कोपरा घासून दाखवा. पाणी सोडून मशीन फिरवलं, भरड दगडापासून बारीक दगडापर्यंत. खालून फिकट पिवळी लादी निघाली, हिरव्या-काळ्या चिप्सची! तपकिरी होतं ते मेण आणि मळ. मी जन्मल्यापासून ही लादी पाहतोय, पण हा रंग कधी पाहिलाच नव्हता.

आई ओट्यापासून हात पुसत आली. बराच वेळ बघत राहिली. "अरे, हीच. ह्यांनी हीच आणली होती."

राखाडीचा विषय तिथेच संपला. मिस्त्रींना म्हटलं, करा पूर्ण.

तुम्ही करणार असाल तर घासल्यावर निघणारा चिखल मोरीत सोडू नका, पाइपात घट्ट बसतो. बादलीत भरून बाहेर न्या. आणि जड सामान आधी हलवा. आमचं लोखंडी कपाट काही हललं नाही, त्याच्याखाली अजून तपकिरीच आहे.