विस्तव राखण्याची विद्या

ज्यानें ३६ वर्षें शाळेंत गणित आणि विज्ञान शिकविलें, त्या मास्तरानें नभोवाणीवर येऊन एखाद्या थोर पुरुषाचें चरित्र सांगावें, किंवा निदान शुद्धलेखनाचे नियम तरी सांगावेत, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र आज बोलणार आहें तें एका लोखंडी पिंपाविषयीं आणि त्याच्या शेजारच्या भट्टींत विस्तव कसा राखावा ह्याविषयीं. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु ह्या पिंपानें मला साठी उलटल्यावर पुन्हां विद्यार्थी केलें आणि पहिल्याच परीक्षेंत नापासहि केलें. तेव्हां ती हकीकत सांगण्याचा मला अधिकार आहे, असें मी समजतों.

दोन वर्षांपूर्वीं मी आणि माझें कुटुंब अमेरिकेंत टेक्सस राज्यांत मुलाकडे कांहीं महिने राहावयास गेलों होतों. ऑस्टिन शहराच्या कडेला त्याचें घर आहे. त्या भागांत बार्बेक्यू हा नुसता खाण्याचा पदार्थ नसून अभिमानाचा विषय आहे. एकोणिसाव्या शतकांत जर्मनी व बोहेमिया ह्या प्रदेशांतून आलेल्या लोकांनीं तेथें वस्ती केली. त्यांच्यांतील खाटिकांनीं धुरावर मांस शिजवून विकण्याची रीत आपल्याबरोबर आणली, आणि तेथील कृष्णवर्णीय व मेक्सिकन लोकांच्या परंपरांची तींत भर पडली. ऑस्टिनच्या दक्षिणेस सुमारें ३० मैलांवर लॉकहार्ट नांवाचें गांव आहे. तेथील क्राइट्स मार्केट हें दुकान १९०० सालीं सुरू झालें. आणि १९९९ सालीं राज्याच्या विधिमंडळानें ह्या लहानशा गांवाला टेक्ससची बार्बेक्यूची राजधानी ठरविलें. तेथील मुख्य पदार्थ म्हणजे ब्रिस्केट, अर्थात् गाईबैलाच्या छातीचें मांस. आमच्या घरीं तें शिजत नाहीं. आम्ही कोंबडी आणि मेंढीचा खांदा ह्यांवर भागविलें. परंतु विस्तवाचें शास्त्र सर्वांना एकच.

आतां यंत्र कसें असतें तें सांगतों. त्याला तेथें ऑफसेट स्मोकर म्हणतात. आडवें ठेवलेलें एक लांबट पिंप. त्याच्या एका टोकाला, किंचित् खालच्या अंगास, जोडलेली लहानशी भट्टी. आणि दुसऱ्या टोकाला धुराडें. विस्तव भट्टींत आणि मांस पिंपांत. जाळ मांसाला लागत नाहीं. भट्टींतून निघालेली ऊन हवा व धूर पिंपांतून वाहत जातात आणि धुराड्यावाटे बाहेर पडतात. आंच ठेवावयाची ती २२५ ते २७५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारें १०७ ते १३५ अंश सेंटिग्रेड एवढीच, पण ती तासन् तास. चिवट मांसांत स्नायूंना बांधून ठेवणारा जो पदार्थ असतो, त्याला शास्त्रांत कोलॅजेन म्हणतात. तो मंद आंचेवर हळूहळू विरघळतो आणि मांस मऊ होतें. घाई केली तर मांस कोरडें पडतें आणि चिवटपणाहि जात नाहीं.

जाड पोलादाचीं असलीं यंत्रें हजारों डॉलरांना पडतात. मुलानें आणलेलें होतें २०० डॉलरांचें. पत्रा पातळ, झांकण नीट न बसणारें, जोडांतून धूर गळणारा. जाड पोलाद एकदां तापलें कीं उष्णता धरून ठेवतें. पातळ पत्र्याच्या अंगीं हा गुण नसतो. वाऱ्याची झुळूक आली कीं तो निवतो, आणि एक लांकूड अधिक पडलें कीं तापतो.

नातवाचा वाढदिवस होता आणि २० माणसें जेवावयास यावयाची होतीं. मुलगा म्हणाला, "अण्णा, आधीं एकदां लहानसा प्रयोग करून पाहूं या." मीं त्याला उत्तर दिलें, "अरे, ज्वलनाचा धडा मीं ३६ वर्षें शिकविला आहे. मला विस्तव काय शिकवतोस?" हें वाक्य श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें.

पहांटे ५ वाजतां मीं भट्टी पेटविली आणि तींत लांकडें भरलीं. घटकाभरांत काटा ३५० अंशांवर गेला. मग मीं भट्टीचा वाऱ्याचा झरोका बंद केला. तेवढ्यानें भागेना, म्हणून धुराडेंहि अर्धें मिटलें. काटा निमूटपणें २५० वर उतरला. एखादें द्वाड पोर कोंपऱ्यांत उभें करावें आणि वर्ग शांत व्हावा, तसें मला समाधान वाटलें. पिंपाच्या प्रत्येक फटींतून पांढराशुभ्र दाट धूर निघत होता. मीं म्हटलें, धूर जितका अधिक तितका स्वाद अधिक.

दुपारीं मांस बाहेर काढलें तेव्हां तें काळें आणि डांबरासारखें चकचकीत झालें होतें. पाहुण्यांनीं एकेक तुकडा घेतला आणि मग सर्वांना पाव व कोशिंबीर फारच आवडूं लागली. नातू तेवढा खरें बोलला. तो म्हणाला, "आजोबा, हें औषधासारखें लागतें." मीं घांस तोंडांत घातला. जीभ कडू झाली आणि चुरचुरूं लागली. तें सारें अन्न टाकून द्यावें लागलें. सूनबाई कांहीं बोलली नाहीं. तिनें दुसरा स्वयंपाक मागविला. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. मांस वाया गेलें ह्याचें दुःख होतेंच. पण मुलाला मीं जें वाक्य ऐकविलें होतें, तें अधिक बोचत होतें.

दुसऱ्या दिवशीं शेजारचे एक वृद्ध गृहस्थ कुंपणापाशीं आले. वेल्डिंगचें काम करून निवृत्त झालेले. आदल्या दिवशींचा धूर त्यांच्या अंगणापर्यंत पोहोंचला होता. त्यांनीं धुराडें पूर्ण उघडून दाखविलें आणि एवढेंच सांगितलें, "हें पुन्हां मिटूं नका. तुम्ही विस्तव कोंडलात. विस्तव लहान करावा, पण त्याचा श्वास अडवूं नये."

हें ऐकतांच मला माझा वर्ग आठवला. दरवर्षीं मी मुलांपुढें मेणबत्ती विझवून दाखवीत असें. विझलेल्या वातींतून पांढऱ्या धुराची रेघ वर जाते. त्या रेघेला पेटती काडी लावली कीं ज्योत धुराच्या वाटेनें खालीं उतरते आणि मेणबत्ती पुन्हां पेटते. मुलें टाळ्या वाजवीत, आणि मी सांगें, "पाहा, हा धूर म्हणजे न जळलेलें जळण." लांकडाचेंहि तसेंच आहे. आधीं त्यांतील पाणी उडतें. मग लांकूड तापून त्यांतून वायु निघतात. ते वायु पेटले म्हणजे ज्वाला दिसते. आणि शेवटीं निखारा उरतो. हवा तोडली तर वायु निघतात, पण जळत नाहींत. तेच पांढरा धूर होऊन मांसावर बसतात आणि कडू पुट चढवितात. वर्षानुवर्षें जें मीं टेबलावर दाखविलें, तें अंगणांत माझ्या डोळ्यांसमोर सहा तास चाललें होतें, आणि मला ओळखतां आलें नाहीं.

त्यानंतर जें मीं शिकलों, तें थोडक्यांत सांगतों. धुराडें सदैव पूर्ण उघडें असावें आणि झरोकाहि बहुतेक उघडाच. आंच कमी-अधिक करावयाची ती जळण कमी-अधिक घालून. आरंभीं कोळसे पूर्ण पेटवून त्यांचा चांगला थर करावा. त्यावर मनगटाएवढ्या जाडीचा, वीत-दीडवीत लांबीचा लांकडाचा एकच तुकडा ठेवावा. लहान भट्टीला दर २० ते ३० मिनिटांनीं असा एक तुकडा पुरतो. काटा पार खालीं गेल्यावर धांवाधांव करूं नये. ज्वाला बसूं लागली कीं पुढचा तुकडा द्यावा. तो आधींपासून भट्टीच्या माथ्यावर ऊन करून ठेवावा, म्हणजे आंत पडतांच मिनिटभरांत पेट घेतो. तोंवर दार किंचित् उघडें राहूं द्यावें. लांकूड सुकें हवें. तिकडे पोस्ट ओक नांवाच्या झाडाचें वापरतात. राळ असलेलें देवदारासारखें किंवा रंग दिलेलें लांकूड कदापि घालूं नये. विस्तवाखालीं जाळी ठेवावी आणि राख सांचूं देऊं नये, कारण हवा खालून यावी लागते.

धूर बरोबर आहे कीं नाहीं हें डोळ्यांनीं कळतें. चांगला धूर पातळ व निळसर असतो. कधीं कधीं दिसतहि नाहीं, नुसती हवा थरथरतांना दिसते. झांकणावरील उष्णतामापकावर विसंबूं नये. मांस जेथें ठेवलें आहे त्या उंचीवर दुसरा ठेवावा. भट्टीकडील बाजू नेहमीं अधिक तापते, म्हणून मांस मधून मधून फिरवावें. काटा २५ अंश इकडे-तिकडे झाला तर त्याच्या मागें लागूं नये. स्वस्त यंत्राचे जोड उष्णता सोसणाऱ्या दोरीनें बुजवितां येतात आणि ते बुजवावेतहि. पण माझा पहिला स्वयंपाक बिघडला तो जोडांमुळें नव्हे.

आणखी एक गंमत सांगतों. मोठ्या तुकड्याच्या पोटांतील उष्णता १५० ते १७० अंश फॅरनहाइटच्या आसपास आली कीं तासन् तास वाढतच नाहीं. नवशिका घाबरतो आणि भट्टींत लांकडें कोंबतो. वस्तुतः मांसांतील ओलावा त्या वेळीं बाहेर येऊन उडत असतो आणि मांसाला गार ठेवीत असतो. माठांतलें पाणी ज्या कारणानें गार होतें, त्याच कारणानें. तेथें वाट पाहण्यावांचून उपाय नाहीं. मेंढीचा खांदा आंतून २०० अंशांच्या जवळपास आला म्हणजे मऊ होतो. कोंबडीला एवढें लागत नाहीं. पण ती आंतून १६५ अंशांपर्यंत गेल्यावांचून खाऊं नये. आणि हें यंत्र घरांत किंवा मोटारीच्या छपराखालीं कधींहि पेटवूं नये. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु डोळ्यांस दिसत नाहीं आणि त्याला वासहि नसतो. राखेंत दुसऱ्या दिवशींहि निखारा जिवंत राहतो; ती झांकणाच्या लोखंडी डब्यांतच टाकावी.

पुढल्या रविवारीं मीं पुन्हां भट्टी पेटविली. ह्या वेळीं पाहुणे नव्हते; घरचीं पांच माणसें. स्टूल घेऊन मी सात तास भट्टीपाशीं बसलों. दर अर्ध्या तासाला एक तुकडा, आणि मधल्या वेळांत ज्वालेकडे पाहत राहणें. असा बसलों असतां मला माझी आई आठवली.

आमच्या सातारा जिल्ह्यांतील घरीं मातीची चूल होती आणि तिला वैल होता. चुलींत जाळ, तव्यावर भाकरी. आणि चुलींतून पुढें जाणाऱ्या आंचेवर, बाजूच्या वैलावर, डाळ किंवा दूध मंद शिजत असे. म्हणजे विस्तव एकीकडे आणि शिजणें दुसरीकडे! टेक्ससच्या अंगणांतील तें यंत्र मीं जन्मापासून पाहिलें होतें. आंच कमी करावयाची झाली तर आई चुलीचें तोंड कधीं झांकीत नसे. लांकूड हातभर मागें ओढी. पुढचें लांकूड चुलीच्या कडेला वाळत ठेवलेलें असे. तिला अक्षरओळख नव्हती. मी मॅट्रिक झालों, मास्तर झालों. पण चुलीपाशीं बसलों तो फक्त भाकरी मागण्यापुरता.

पावसाळ्यांत मात्र चूल धुमसे. आई फुंकणीनें फुंकून फुंकून लाल डोळ्यांनीं भाकरी वाढी, आणि मी व वडील म्हणत असूं, "आज भाकरीला धुराचा वास येतो." ती कांहीं उत्तर देत नसे. रानांतून तें लांकूड आणणारे आम्हीच होतों. ओलें आणीत होतों, आणि दोष तिला देत होतों. उतारवयांत तिला खोकला जडला तो अखेरपर्यंत गेला नाहीं. हें मला कळावयास साठ वर्षें आणि सात समुद्र ओलांडावे लागले. आज ती असती तर तिची क्षमा मागितली असती. ती नाहीं, म्हणून येथें आपणांपुढें सांगतों.

त्या दिवशींचा खांदा चांगला झाला. फार उत्तम नव्हे. भट्टीकडील कड थोडी करपली होती. नातवानें दोनदां मागून घेतला. मुलानें कांहीं विचारलें नाहीं, पण जेवणानंतर मींच त्याला म्हणालों, "बाबा रे, तूं म्हणत होतास तें बरोबर होतें. आधीं लहान प्रयोगच करावयास हवा होता." तो हसला आणि म्हणाला, "अण्णा, पुढच्या रविवारीं मी बसतों भट्टीपाशीं. तुम्ही शिकवा." मीं त्याला पहिला धडा दिला तो एवढाच: लांकूड सुकें आण, आणि धुराडें मिटूं नकोस.

श्रोतेहो, आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं आतां गॅस आला आहे, आणि तें फार चांगलें झालें. परंतु ज्या घरीं अजून चूल पेटते, तेथील पुरुषांना माझी एक विनंती आहे. एक दिवस चुलीपाशीं बसा आणि स्वतः विस्तव राखून पाहा. मग भाकरीच्या वासाविषयीं काय बोलावयाचें तें बोला.