दम्याचा अभ्यास आणि आपली मुले
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



आज ज्यांना बक्षिसे मिळाली त्या मुलामुलींचे आणि त्यांच्या आई-वडिलांचे मी प्रथम मनःपूर्वक अभिनंदन करतो. पुढे काय होणार असे विचारले की यांतील निम्मी मुले "डॉक्टर" असे उत्तर देतात. डॉक्टर म्हटले की आपल्यासमोर दवाखाना, गळ्यातला स्टेथोस्कोप आणि दारावरची पाटी येते. पण डॉक्टरांचा आणखी एक वर्ग आहे. रोग्याला औषध देऊन झाल्यावरही "याला हा रोग का झाला?" हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नाही. त्यांना आपण संशोधक म्हणतो. आज मी अशाच एका संशोधकाविषयी आणि त्याने निवडलेल्या रोगाविषयी बोलणार आहे. तो रोग म्हणजे दमा. मुंब्रा-कौशापासून कल्याण-डोंबिवली, भिवंडीपर्यंत क्वचितच एखादी चाळ किंवा इमारत अशी सापडेल की जिथे दम्याचा एकही रोगी नाही.

दमा आणि अॅलर्जी यांचा अभ्यास जुना आहे. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी अबू बक्र अल-राझी या थोर हकिमांनी एक छोटा ग्रंथ लिहिला. वसंतात गुलाब फुलले की अबू झैद अल-बल्खी या विद्वानाला सर्दी का होते, हा त्याचा विषय. याच राझींविषयी अशी आख्यायिका सांगतात की, बगदादमध्ये रुग्णालयासाठी जागा निवडताना त्यांनी शहरात ठिकठिकाणी मांसाचे तुकडे टांगले आणि जिथे मांस सर्वांत उशिरा सडले तिथली हवा उत्तम ठरवली. आख्यायिका असली तरी तिच्यातली शिकवण मोलाची आहे. हवा चांगली की वाईट हे मतावर सोडू नये, तपासून पाहावे.

"अॅलर्जी" हा शब्द मात्र अलीकडचा. व्हिएन्नाचे डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी तो १९०६ साली तयार केला. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक फौज असते. काही जणांमध्ये ही फौज धूळ, परागकण, मांजराचे केस अशा निरुपद्रवी वस्तूंनाही शत्रू समजते. मग श्वासनलिकांना सूज येते, त्या आकसतात, छातीत शिट्टी वाजते. या फौजेच्या अभ्यासाला रोगप्रतिकारशास्त्र म्हणतात. १९६६ साली अमेरिकेत काम करणारे जपानी दांपत्य किमिशिगे आणि तेरुको इशिझाका यांनी अॅलर्जीला कारण होणारा रक्तातील घटक शोधून काढला. पुढे त्याला आय.जी.ई. हे नाव मिळाले.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस शहरातल्या कमी-अधिक प्रदूषणाच्या वस्त्या आणि एक ग्रामीण भाग निवडून तेथील लोकांच्या छातीच्या तक्रारींची तुलना केली. त्याच वाटेवरचे पुढचे नाव पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांचे.

साळवी पीएच.डी.साठी इंग्लंडमधील साउदम्प्टन विद्यापीठात गेले. त्यांचा प्रश्न साधा होता. डिझेलचा धूर नाकातोंडात गेला तर निरोगी माणसाच्या फुप्फुसात काय घडते? स्वीडनमधील उमेओ येथे पंधरा निरोगी स्वयंसेवकांना एका बंद खोलीत एक तास पातळ केलेला डिझेलचा धूर आणि दुसऱ्या वेळी एक तास स्वच्छ हवा देण्यात आली. सहा तासांनी दुर्बिणीने त्यांच्या श्वासनलिकांचे बारीक नमुने घेतले. फुंकर मारून करतात त्या नेहमीच्या तपासणीत काहीही फरक दिसला नाही. पण धुरानंतरच्या नमुन्यांत सूज आणणाऱ्या पेशी वाढलेल्या आढळल्या. हा निबंध १९९९ साली प्रसिद्ध झाला. ठाणे स्टेशनाबाहेर किंवा कल्याणच्या शिवाजी चौकात वाहनांच्या गर्दीत उभ्या राहणाऱ्या माणसाने याचा अर्थ समजून घ्यावा. त्रास जाणवत नाही म्हणजे इजा होत नाही, असे नव्हे.

पुढे पुण्यात २००२ साली चेस्ट रिसर्च फाउंडेशन ही संस्था उभी राहिली आणि साळवींनी अनेक वर्षे तिचे नेतृत्व केले. त्या काळी सर्वसाधारण समजूत अशी की, फुप्फुसे कायमची अरुंद करणारा सी.ओ.पी.डी. हा विकार विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा. मग आयुष्यात विडीला हात न लावलेल्या आपल्या नानी-दादी का धापा टाकतात? साळवी आणि लंडनचे प्राध्यापक पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात जगभरची माहिती एकत्र मांडली. या विकाराच्या रोग्यांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेले नव्हते. धूम्रपान करणारे सुमारे १०० कोटी, तर लाकूड, शेण, काटक्या यांच्या धुरात राहणारे सुमारे ३०० कोटी. आपल्या आयाबायांनी चुलीपुढे फुंकणी घेऊन काढलेली वर्षे अशी आकड्यांत उतरली.

विद्यार्थी मित्रांनो, संशोधनाला नेहमी मोठी यंत्रे लागतात असे समजू नका. १ फेब्रुवारी २०११ या एका दिवशी साळवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातील ८८० शहरे व गावांतल्या ७,४०० डॉक्टरांना एकच विनंती केली. आज तुमच्याकडे आलेला रोगी कशासाठी आला, ते लिहून ठेवा. दोन लाख चार हजारांहून अधिक रोग्यांची नोंद झाली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना श्वसनाची काही ना काही तक्रार होती. कागद, पेन आणि शिस्त एवढ्यावर देशाचे चित्र उभे राहिले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका मोठ्या अभ्यासात साळवींचा प्रमुख सहभाग होता. त्यानुसार २०१६ साली भारतात दम्याचे रोगी सुमारे ३ कोटी ७९ लाख होते.

पालकहो, आता थोडे आपल्या घरातले बोलू. दम्यासंबंधी आपल्याकडे समजुती फार आणि मोजमाप थोडे. "पंपाची सवय लागते", "पंप म्हणजे शेवटचा उपाय" असे म्हणून कित्येक आई-वडील मुलाला गोळ्याच देत राहतात. जरा हिशेब करा. साल्ब्युटामॉलच्या एका गोळीत ४ मिलिग्रॅम, म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅम औषध असते आणि ते पोटातून सगळ्या शरीरात फिरते. त्याच औषधाच्या पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम असते आणि ते श्वासावाटे सरळ श्वासनलिकांत जाते. चाळीस दाबांचे औषध एका गोळीत! मग जास्त औषध कोणी दिले? मात्र हेही ध्यानात ठेवा की आराम देणारा पंप वेगळा आणि सूज ओसरवणारा, रोज नेमाने घ्यायचा पंप वेगळा. केवळ पहिल्यावर भागवू नये. पंप आणि गोळ्या यांतले काय बदलायचे, ते डॉक्टरांना विचारूनच बदला.

रमजानमध्येही पुष्कळ जण औषध मनानेच सोडतात. दोन वेळा घ्यायचा पंप बहुतेकांना सहरी आणि इफ्तारच्या वेळेला बसवून घेता येतो. महिना सुरू होण्याआधी डॉक्टरांना भेटा, मसला आलिमांना विचारून ठेवा. दम लागला असताना पंप दूर ठेवणे जिवावर बेतू शकते.

घरातल्या धुराकडेही पाहा. २००३ सालच्या एका अभ्यासात चीन व मलेशियातील मच्छर कॉइल तपासल्या गेल्या. एक कॉइल जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते असे दिसले. दारे-खिडक्या बंद करून रात्रभर कॉइल लावायची आणि सकाळी मूल खोकते म्हणून आइस्क्रीमला दोष द्यायचा, हे थांबले पाहिजे. मच्छरदाणी स्वस्त आहे आणि तिला धूर नाही. कारखान्यात रिअॅक्टिव्ह रंगांच्या पुडीत काम करणाऱ्या भावांना सुट्टीच्या दिवशी बरे वाटत असेल आणि कामावर गेल्यावर छाती भरत असेल, तर ती गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा. कामाच्या जागेमुळे होणाऱ्या दम्याची ती खूण असते.

सर्वांत जास्त दुःख होते ते मुलींच्या बाबतीत. "लग्न जमणार नाही" या भीतीने मुलीचा दमा लपवला जातो, पंप पर्समध्ये नव्हे तर कपाटाच्या तळाशी राहतो. मग शाळा बुडते, परीक्षेत मागे पडते आणि सासरी गेल्यावर पहिल्या मोठ्या झटक्याला घरात औषध नसते. दमा हा स्पर्शाने होणारा रोग नाही आणि कोणाच्या चारित्र्यावरचा डागही नाही. नेमाने औषध घेतले तर दम्याची बहुतेक मुले शिकतात, खेळतात, संसार करतात. लपवलेला दमा मात्र जीव घेऊ शकतो. निकाह जमवताना मुलीच्या पंपाची लाज वाटून घेऊ नका.

शेवटी बक्षीसपात्र मुलांना एक काम देतो. एक वही करा. आपल्या इमारतीत किती घरांत दम्याचे रोगी आहेत, किती घरांत कॉइल जळते, किती मुलांची शाळा खोकल्यामुळे बुडते, हे परवानगी घेऊन, कोणाचेही नाव न लिहिता नोंदवा आणि वर्षभर चालू ठेवा. नंतर ती वही विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा. तुमच्यातील सगळे संशोधक होणार नाहीत. पण एखाद्या मुलीने किंवा मुलाने "मला दवाखाना थाटायचा नाही, मला हे का होते ते शोधायचे आहे" असे म्हटले, तर पालकहो, "त्यात पैसा किती?" हा प्रश्न पहिला विचारू नका. या क्षेत्रात पैसा उशिरा येतो हे खरे. पण असे प्रश्न विचारणारे डॉक्टर निघाले, म्हणूनच आज आपल्या मुलांच्या हातात पंप आहे.