शेडचं कुलूप आणि लेकीची सायकल

आम्ही बचत गटांचं काम करणाऱ्या समन्वयक ताया. आज बोलायचं आहे ते परसबागेतल्या शेडबद्दल. गावोगाव आपल्या गटांनी पोषण परसबागा केल्या. बागेच्या कडेला पत्र्याचं शेड उभं राहिलं. त्यात खुरपी, फवारणीचा पंप, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी. आणि हळूहळू त्यात मुलींच्या सायकलीही यायला लागल्या, कारण दोन खोल्यांच्या घरात सायकल ठेवायला जागा कुठे असते? पावसात अंगणात ठेवली तर गंजते. कोठ्यात ठेवली तर गाईच्या लाथा खाते. म्हणून शेड.

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या भागातल्या एका गटाच्या शेडमधून दोन सायकली गेल्या. भर दुपारी. सगळं गाव रानात होतं. संध्याकाळी बाया परत आल्या तर दाराला कुलूप जसंच्या तसं. चोरानं कुलपाला हातसुद्धा लावला नव्हता. मागच्या बाजूच्या पत्र्याचे नट पान्ह्यानं सोडवले, पत्रा बाजूला सरकवला, सायकली काढल्या आणि पत्रा पुन्हा टेकवून ठेवला. त्या दोन मुलींपैकी एक चार किलोमीटर चालत शाळेला जायला लागली. दुसरी आधी आठवड्यातून एक दिवस घरी राहायची, मग दोन दिवस. पुढच्या महिन्यात तिच्या घरी पाहुणे येऊन गेले, मुलगी बघायला. दहावीतली मुलगी.

त्यामुळे सायकलचोरी आपल्यासाठी किरकोळ गोष्ट नाही. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. या कार्यक्रमाचं आयुक्तालय आपल्या छत्रपती संभाजीनगरातच आहे. 2022 पासून ही रक्कम 5000 रुपये झाली, आधी 3500 होती. पण हे पैसे एका मुलीला एकदाच मिळतात. सायकल चोरीला गेली म्हणून दुसरी मिळत नाही. मानव विकासची निळी बस ज्या गावात येते तिथे ठीक, पण बस तिच्या वेळेला येणार. जादा तास झाला, बस निघून गेली, तर मुलीनं काय करायचं? बिहारमध्ये 2006 पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात झाली. अभ्यासकांनी पुढे मोजलं तर मुलींचं हायस्कुलात नाव घालण्याचं प्रमाण 32 टक्क्यांनी वाढलं होतं. दोन चाकांचा एवढा फरक पडतो.

आता शेडकडे या. आपण सगळा जीव कुलपात अडकवतो. बाजारातून मोठं, जड, पितळी कुलूप आणतो आणि ते अडकवतो दोन बारीक स्क्रूवर बसवलेल्या कडी-कोयंड्याला. चोर कुलूप कशाला फोडेल? पहार घालून कोयंडाच उपटतो. म्हणून कोयंडा स्क्रूनं बसवू नका, आरपार बोल्ट घाला. बाहेरच्या बाजूला बोल्टचं गोल डोकं, ज्याला पान्हा लागत नाही, आणि नट आतून. नटाच्या मागे लोखंडी पट्टी टाका, म्हणजे ओढलं तरी पत्रा फाटून बोल्ट निघणार नाही. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला असतील तर त्यांची पिन ठोकून काढता येते आणि दार कुलपासकट बाजूला होतं. वेल्डिंगवाल्याकडून पिनेच्या दोन्ही टोकांना टाका मारून घ्या.

मग पत्रे. हुकानं बसवलेल्या पत्र्याचा नट बाहेरच असतो, ती त्याची रचनाच आहे. नट घट्ट करून झाला की वर उरलेल्या आट्यांवर हातोड्याचे दोन-तीन घाव घाला. आटे चेपले की नट फिरत नाही. तुम्हालाही पुढे पत्रा काढायचा झाला तर नट कापावा लागेल, हे खरं. पण पत्रा काही दरवर्षी बदलत नाही आपण. काळ्या मातीच्या गावात अजून एक बघा. उन्हाळ्यात जमीन भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि त्यात शेडचे खांब हलतात. पत्र्याखाली हातभर फट पडते. अशी फट दगड-सिमेंटनं बुजवा.

हे सगळं केलं तरी शेड म्हणजे पत्राच. ज्याच्याकडे कटर आणि तासभर वेळ आहे त्याला पत्रा अडवत नाही. म्हणून आमचं सांगणं असं की शेड मजबूत करण्यावर सगळा पैसा घालू नका. निम्मा पैसा सायकल जमिनीला बांधण्यावर घाला. गाय आपण कोठ्यातही खुंट्याला बांधतोच ना? तसंच. 12 मिलिमीटरची सळई वाकवून कडी करून घ्या, तिची खालची दोन्ही टोकं बाहेरच्या बाजूला मुरडलेली. शेडच्या आत दीड फूट खोल, फूटभर रुंद खड्डा घ्या. काळी माती असेल तर ती ओलांडून मुरुमापर्यंत जा. कडी उभी धरून एक घमेलं सिमेंट, दोन वाळू, चार खडी या हिशेबानं खड्डा भरा. सात दिवस पाणी मारा आणि तोवर तिला काही बांधू नका. एका कडीला दोन-तीन सायकली सहज बांधता येतात.

साखळी घेताना बघून घ्या. गुरांच्या साखळीच्या कड्या बऱ्याचदा नुसत्या वळवलेल्या असतात, पिळलं की उघडतात. प्रत्येक कडी वेल्ड केलेली हवी. साखळी सायकलच्या सांगाड्यातून आणि मागच्या चाकातून, दोन्हींतून न्या. नुसतं चाक बांधलं तर चाक तिथेच राहतं आणि सायकल जाते. सायकलला असलेलं रिंगचं कुलूप चाक फिरू देत नाही एवढंच, चोर सायकल उचलून टेम्पोत टाकतो. साखळीचं कुलूप जमिनीवर लोळू देऊ नका. खाली फरशी आणि वरून हातोडा, असं सापडलं की ते दोन घावांत फुटतं. वर, अधांतरी राहील असं लावा.

आणि पहार, टिकाव, पान्हे, पत्रा कापायची कात्री त्याच शेडमध्ये उघड्यावर ठेवू नका. एकतर ती आधी चोरीला जातात, नाहीतर त्यांनीच साखळी तुटते. चोराला अवजार आपणच पुरवायचं का? किल्ल्या दोन ठेवा. एक गटाच्या कोषाध्यक्षांकडे, एक शेडजवळच्या घरातल्या म्हाताऱ्या आजीकडे, ज्या वेचणीला जात नाहीत. कुंडीखाली, चौकटीवर ठेवलेली किल्ली सगळ्या गावाला माहीत असते.

आता पोलिसांचं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम 303 खाली 5000 रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची साधी चोरी अदखलपात्र धरली जाते. म्हणजे ठाण्यात नोंद होते, पण न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपास होत नाही. आपल्या मुलींच्या वापरलेल्या सायकली नेमक्या याच किमतीच्या. पण कलम 305 वेगळं आहे. राहत्या घरातून किंवा सामान सांभाळून ठेवण्याच्या बांधकामातून चोरी झाली तर वस्तू कितीचीही असो, गुन्हा दखलपात्र आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत. कलम लावणं पोलिसांचं काम. पण सांगताना ‘सायकल गेली’ एवढंच सांगून येऊ नका. गटाचं सामान ठेवायचं बंद शेड होतं, कुलूप होतं, पत्रा उचकटला, हे सगळं सांगा आणि लिहून घ्यायला लावा. पत्रा परत बसवायच्या आधी फोटो काढा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. ठाण्यात दाद दिली नाही तर ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज पाठवता येतो. तातडीला 112. गावातल्या पोलीस पाटलांना तर पहिल्याच तासात कळवा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी. चोरी झाली की गावात पहिलं बोट पालावरच्या माणसांकडे जातं, पारध्यांकडे, फिरून पोट भरणाऱ्यांकडे. इंग्रजांनी काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला होता, तो 1952 मध्ये रद्द झाला. पण मनातून गेला नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना पोरं पळवणारे समजून जमावानं ठार मारलं. नुसत्या अफवेवर. सायकल गेल्याचा राग आम्हालाही येतो. पण बैठकीत कुणाचं नाव निघालं तर तिथेच थांबवा. माहिती असेल ती पोलिसांना सांगा, पारावर नको.

शेवटी सायकलीचा नंबर. प्रत्येक सायकलीच्या सांगाड्यावर नंबर ठोकलेला असतो, बहुतेक वेळा पायडल जिथे बसतं त्या नळीच्या खालच्या बाजूला. सायकल भंगारात किंवा बाजारात सापडली तर ती आपलीच आहे हे याच नंबरावरून दाखवता येतं. योजनेसाठी दुकानाची पावती शाळेत दिली असेल, तिचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. कार्यक्रम संपला की सायकल उलटी करा, चिखल पुसा आणि नंबर गटाच्या वहीत मुलीच्या नावासमोर उतरवून ठेवा. नंबर गंजून पुसट झाला असेल तर त्यावर खडू घासा, म्हणजे आकडे उठून दिसतात.