सुट्यांची यादी आणि गावचे दिवस

(महाड व पोलादपूर तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



जूनच्या मध्यास शाळा उघडते आणि त्याच सुमारास वर्षाच्या सुट्यांची यादी शाळेत येते. मुख्याध्यापक ती फलकावर लावतात. मुले तीतील तारखा बोटांवर मोजतात, कोणता सण रविवारी येऊन सुटी बुडाली याचा हिशेब करतात आणि हळहळतात. हा हिशेब त्यांना भागाकारापेक्षा लवकर येतो. यादी फलकावर वर्षभर राहते, पावसाळ्यात तिचे कोपरे दमट होऊन सुटतात; परंतु तीत लिहिलेले दिवस कोणाचे, ते त्याच तारखेस का येतात, आणि जे दिवस तीत नाहीत ते का नाहीत, हा विचार शाळेत क्वचितच होतो.

सार्वजनिक सुट्या जाहीर होतात त्या १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या पंचविसाव्या कलमाच्या आधारे. हुंडी व धनादेश कोणत्या दिवशी वटवावयाचे नाहीत, हे ठरविण्याचा तो कायदा. देवाधर्माच्या दिवसांना सरकारी मान्यता मिळाली ती अशी पेढीच्या दारातून, हे ऐकून मोठ्यांनाही हसू येते. पुढे २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने पहिली ते पाचवीस दोनशे व सहावी ते आठवीस दोनशेवीस दिवस शाळा भरलीच पाहिजे असे ठरविले. म्हणजे सुट्या वाढविण्यास वाव थोडाच. जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारात तीन स्थानिक सुट्या असतात, मुख्याध्यापकांच्या हाती एकदोन. त्यांतच गावाने आपले मन राखावयाचे.

यादीतील तारखा दरवर्षी बदलतात, हे मुलांचे पहिले कोडे असते. त्याचे उत्तर आकाशात आहे आणि ते चौथीच्या मुलास सहज समजते. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे तीनशे चोपन्न दिवसांचे, ऋतूंचे वर्ष तीनशे पासष्टांचे. हे अकरा दिवसांचे अंतर पंचांगकर्ते अधिक मास घालून भरून काढतात, म्हणून पाडवा चैत्राची पालवी सोडून जात नाही. हिजरी वर्षात अधिक मास नाही. म्हणून ईद दरवर्षी अकराएक दिवसांनी अलीकडे सरकते आणि सुमारे तेहेतीस वर्षांत सर्व ऋतू फिरून येते. आजोबांनी ऐन पावसाळ्यात केलेले रोजे नातवाच्या वाट्यास वैशाखवणव्यात येतात. पारशी वर्ष याहून निराळे: ते नेमके तीनशे पासष्ट दिवसांचे, त्यात लीप वर्षाचा दिवस नाही, म्हणून त्यांचे नववर्ष चार वर्षांनी एक दिवस मागे येत येत आता ऑगस्टच्या मध्यास पोहोचले आहे. पारशी कुटुंब पाहिलेले मूल पोलादपूरच्या डोंगरी शाळेत विरळाच. तरी त्या दिवशी शाळा बंद का, हे त्याला सांगावयास हवे.

या हिशेबाचे फार सुंदर उदाहरण नुकतेच घडून गेले. २०२३ साली गुढीपाडवा २२ मार्चला आला व रमजान ईद २२ एप्रिलला. दोहोंमध्ये महिन्याचे अंतर. त्या वर्षी श्रावण अधिक आला. त्यामुळे २०२४ चा पाडवा पुढे सरकून ९ एप्रिलला गेला, ईद मागे येऊन ११ एप्रिलला आली, आणि दोन्ही सण शेजारी आले. २०२५ मध्ये तर पाडवा ३० मार्चला व ईद ३१ मार्चला. दोन्ही सण एकाच अमावास्येनंतरचे. ज्या कोरीची वाट महाडच्या मोहल्ल्यातील मुले गच्चीवर चढून पाहत होती, ती चैत्राचीच कोर होती. फळ्यावर तीन वर्तुळे काढून हे दाखविता येते आणि त्यास भूगोलाचा तास पुरतो.

सण एकत्र आले की गैरसोयही होते. २८ सप्टेंबर २०२३ रोजी अनंत चतुर्दशी व ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आल्या. विसर्जनाच्या गर्दीत दुसऱ्या मिरवणुकीची अडचण नको म्हणून मुसलमान बांधवांनी मुंबईतील आपली मिरवणूक दुसऱ्या दिवशी नेली, आणि सरकारनेही सुटी २९ तारखेस दिली. यादीतील एका तारखेची ही दुरुस्ती. परंतु मुलांना सांगण्यासारखी गोष्ट याहून चांगली कोणती?

आता या दोन तालुक्यांकडे वळावे. येथील वर्ष यादीप्रमाणे चालत नाही. ते भाताप्रमाणे, पालखीप्रमाणे आणि मुंबईहून येणाऱ्या गाड्यांप्रमाणे चालते. चाकरमानी दोनदा येतात, शिमग्यास आणि गणपतीस. यादीत शिमग्याला एक दिवस आहे, धुलिवंदनाचा. गावात मात्र होम लागल्यावर पालखी घरोघर फिरते, दूरच्या वाडीवर ती पोहोचावयास किती दिवस लागतील हे ग्रामदेवताच जाणे. वर्षभर कुलूप असलेली घरे त्या आठवड्यात उघडतात. बापाचे तोंड पाहण्यास मिळणारे ते दिवस. त्या दिवसांतील गैरहजेरी शिक्षकाने कोणत्या नजरेने पाहावी, हे परिपत्रकात लिहिलेले नसते. महाड शहरात महाशिवरात्रीच्या सुमारास विरेश्वराचा छबिना निघतो आणि आसपासच्या गावांच्या देवांच्या पालख्या व काठ्या त्याच्या भेटीस येतात. शिवरात्रीची सुटी साऱ्या राज्यास आहे, छबिना महाडचाच.

माघ वद्य नवमीचे उदाहरण तर शिक्षकांनी अवश्य लक्षात ठेवावे. याच तिथीस १६७० साली सिंहगडावर तानाजी मालुसरे पडले. पोलादपूर तालुक्यातील उमरठ येथे त्यांची समाधी आहे. समर्थ रामदासांची पुण्यतिथी, दासनवमी, हीही हीच तिथी. महाड तालुक्यातील शिवथरघळीत दासबोधाचे लेखन झाले अशी परंपरा आहे. एकाच दिवशी दोन शेजारच्या तालुक्यांत दोन स्मरणे होतात, आणि यादीत त्या दिवशी काहीच नसते.

आषाढी पौर्णिमेस कोणी गुरुपूजन करतो, कोणाच्या घरी त्याच दिवशी वर्षावासाचा आरंभ असतो. पावसाळ्यात भिक्षूंनी एके ठिकाणी राहावे, हा वर्षावासाचा मूळ नियम. महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेस गांधारपाल्याची बौद्ध लेणी कोरलेली आहेत. येथला पाऊस ज्याने पाहिला आहे, त्यास डोंगरात निवारा का कोरला याचे उत्तर पुस्तकात शोधावे लागत नाही. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात आणखी एक समाज नांदत होता, बेने इस्रायलांचा. तेल गाळण्याचा धंदा व शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांनी आपल्या यहुदी सणांस मराठी नावे दिली होती: वर्षारंभ तो ‘नव्याचा सण’, दारे लावून उपवासात व प्रार्थनेत घालविण्याचा दिवस तो ‘दारफाळणीचा सण’, जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचे दुःख पाळण्याचा दिवस तो ‘बिरड्याचा सण’, कारण त्या दिवशी वालाचे बिरडे खावयाचे. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. अलिबाग, रेवदंडा, पेण व पनवेल येथे त्यांची प्रार्थनामंदिरे उभी आहेत. वालाच्या बिरड्यास एवढा मान दुसऱ्या कोणत्या धर्माने दिला असेल?

आणि काही मुले अशी, की ज्यांचे वर्ष यांपैकी कोणत्याच यादीत बसत नाही. पाऊस सरला, दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे विटांच्या व कोळशाच्या भट्ट्यांवर निघून जातात. मूल त्यांच्याबरोबर जाते. नाव हजेरीपटावर मागे राहते. शिमग्याच्या गैरहजेरीस हसून माफी देणारा शिक्षक या गैरहजेरीस आळस म्हणून मोकळा होतो, असे घडू नये.

काही दिवस सणाचे नसतात. २०२१ साली आषाढी एकादशी २० जुलैला होती, बकरी ईद २१ जुलैला. २२ जुलैस महाड शहर पुराच्या पाण्यात गेले आणि त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या. उपवास सोडलेली घरे आणि ईदची भांडी अजून विसळावयाची असलेली घरे, दोन्ही एकाच चिखलाखाली आली. या दिवसाची सुटी नाही, आणि नसावी. त्या दिवशी वर्गात डोंगर खचण्याच्या खुणा, ओढ्याचे गढूळ होणारे पाणी, जमिनीला पडणाऱ्या भेगा यांविषयी बोलणे अधिक उपयोगी.

आता महाडचे सर्वांत मोठे तीन दिवस. पहिला ६ जून. १६७४ साली ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस रायगडावर शिवराज्याभिषेक झाला. तारखेने व तिथीने, दोन्ही प्रकारे तो साजरा होतो. ६ जूनला शाळा उन्हाळ्याच्या सुटीत बंद असतात, तिथीच्या दिवशीही बहुधा तसेच असते. गडाच्या पायथ्याची मुले तो सोहळा शाळेविना पाहतात. दुसरा दिवस २५ डिसेंबर. सुटी आहे, ती येशू ख्रिस्ताच्या जन्माची, आणि ती योग्यच आहे. १९२७ च्या नाताळात याच दिवशी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषद भरली आणि मनुस्मृतीचे दहन झाले. परिषदेस जागा देण्यास गावात कोणी पुढे येईना; ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. ख्रिस्ती सणाची सुटी, मुसलमानाची जमीन आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या हिंदूंची परिषद.

तिसरा दिवस २० मार्च. त्याला राज्याच्या यादीत स्थान नाही.

त्याची हकीकत शिक्षकांनी नीट सांगावी, कारण ती अर्धवटच सांगितली जाते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेकौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव होता. त्यात सार्वजनिक शाळांचाही उल्लेख होता. महाड नगरपालिकेने १९२४ साली आपले चवदार तळे कागदावर खुले केले. तळ्यावर इतर धर्मीय पाणी भरीत, गुरे पाणी पीत. परंतु ठराव झाल्यावरही तीन वर्षे कोणा अस्पृश्यास तेथे ओंजळ भरता आली नाही. १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांसह प्रतिनिधी रांगेने तळ्यावर गेले व पाणी प्याले. थोड्याच वेळात, हे लोक आता विरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी कंडी उठली, आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर लाठ्या पडल्या. काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. पुढे गोमूत्र व शेण घालून तळे शुद्ध करण्यात आले आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तळे आपले खाजगी आहे, असा दावा लावण्यात आला. त्या दाव्यातील मनाईमुळे डिसेंबरचा सत्याग्रह तहकूब ठेवावा लागला. दावा दहा वर्षे चालून १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात संपला, तो अस्पृश्यांच्या बाजूने.

हे सांगताना हातचे राखू नये. ज्यांनी मारले तेही महाडकर, आणि ज्यांनी वाचविले तेही. नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे उच्चवर्णीय बाबासाहेबांच्या बाजूस उभे होते. वर्गात या साऱ्यांची पणतवंडे शेजारी शेजारी बसलेली असतात. कोणास मान खाली घालावी लागेल म्हणून गोष्टच गाळणे, किंवा कोणाकडे बोट करून ती सांगणे, या दोहोंत वाईट काय हे ठरविणे कठीण.

त्या दिवसाची सुटी मागावी असे पुष्कळांस वाटते. त्यामागील भावना आदरणीय आहे. परंतु शाळेपुरते पाहिले, तर २० मार्चला शाळा उघडी असणे हेच त्या दिवसाला शोभते. बोल्यांच्या ठरावात शाळा होती. त्या ठरावाने खुल्या झालेल्या जागेत त्या दिवशी सारी मुले एकत्र बसलेली असतात आणि एकाच पिंपातले पाणी पितात. पिंपाला पहिला हात कोण लावतो, डबा खाताना कोण बाजूस बसते, हे शिक्षकाने त्याआधीच आठवडाभर पाहून ठेवलेले असावे. पाहिलेले बोलून दाखवू नये, बसण्याची जागा मात्र बदलावी.

२० मार्चला तळ्याकाठी दूरदूरच्या गावांहून लोक येतात व गर्दी फार होते. लहान मुलांना चारसहा दिवस आधी, सकाळच्या वेळी न्यावे. पायऱ्या ओल्या असतात, म्हणून दहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे.