गाठ आणि गुठळी

आपल्या बोलीत गाठ निराळी आणि गुठळी निराळी. परंतु कर्करोगाची गाठ ज्याच्या देहात मुरली, त्याच्या पायाच्या नीलेत रक्ताची गुठळी धरण्याचा संभव वाढतो, हे पॅरिसच्या आर्मां त्रूसो या वैद्याचार्यांनी १८६५ च्या सुमारास व्याख्यानांतून सांगितले, आणि दोनच वर्षांत तेच लक्षण स्वतःच्या अंगी ओळखून ते जठराच्या कर्करोगाने वारले.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीसारख्या गावी हे संकट येते ते साध्या वेषात. इस्पितळातून घरी आणलेल्या रोग्याचा एकच पाय सुजतो, पोटरी तापते, आणि घरची मंडळी ‘पडून पडून सूज आली’ म्हणून तेल चोळावयास बसतात. चोळू नये, गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला तर घटकाभरात श्वास कोंडतो.

यावरच्या औषधाला आपण ‘रक्त पातळ करणारे’ म्हणतो. वास्तविक ते गुठळीची वाढ तेवढी रोखते. विरघळविण्याचे काम देहच सावकाश करतो. पूर्वी भिस्त वॉरफरिनच्या गोळीवर असे (उंदरांच्या बंदोबस्तासाठी १९४८ मध्ये बाजारात आलेले हेच द्रव्य!), पण तिचा अंमल मेथी-पालकाने, उलट्यांनी, अन्न तुटल्याने चढे-उतरे, आणि रक्त तपासण्यास यवतमाळची खेप चुकत नसे. पुढे ६७६ रोग्यांवरील, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पोटाच्या कातडीखाली टोचावयाच्या हेपॅरिनच्या एका प्रकाराने सहा महिन्यांत पुन्हा गुठळी होण्याचे प्रमाण सतरा टक्क्यांवरून नवांवर आणले. आता रिव्हारॉक्साबानसारख्या गोळ्याही आहेत. मात्र जठर-आतड्याच्या कर्करोगात त्यांच्यामुळे रक्तस्रावाची धास्ती वाढते, आणि दुकानातून परभारे आणलेली अंगदुखीची गोळी त्यात भर घालते.

परंतु रोग अखेरच्या मजलेला आला असता? ब्रिटनमधील शुश्रूषागृहांच्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तपासलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश रोग्यांच्या पायांत गुठळी निघाली, पण आयुष्याच्या उरल्या दिवसांशी तिचा संबंध दिसला नाही. मग निळ्या डागांनी भरलेल्या पोटावर रोज नवी सुई कशासाठी, असे डॉक्टरांना विचारण्यात मला तरी अविनय दिसत नाही. सुई बंद करण्याचे ठरलेच, तर सुजल्या पायाखाली उशी, दुखण्यावर औषध, आणि धाप लागल्यास मॉर्फिनची अल्प मात्रा, ही तजवीज दिवसाउजेडीच लिहून घ्यावी. आर्णीहून यवतमाळ रात्री फार लांब पडते.