खाल्लेलं अंगी का लागत नाही?

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा आमचा दिघा म्हणजे कष्टकऱ्यांची वस्ती. इथे पोर फिकट दिसू लागलं, जिना चढताना धापा टाकू लागलं, की बोल लागतो आईला. ती कुणाची आई असो की अम्मी, ऐकावं लागतं तेच : ‘पोराला नीट खाऊ घालत नाहीस!’

पुष्कळदा कारण अपुरा आहार किंवा जंत हेच असतं. शाळेत लहानांना गुलाबी आणि मोठ्यांना निळी लोहाची गोळी मिळते, ती त्यासाठीच. पण डॉक्टरांनी दिलेलं लोहाचं औषध रोज घेतलं, तर महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमने चढायला हवं. चढलं नाही, तर आईला नव्हे, पोटाला विचारावं.

‘खाल्लेलं अंगी लागत नाही’ असं आपण म्हणतो. ऑटोइम्यून गॅस्ट्रायटिस या विरळ आजारात ते अक्षरशः घडतं. शरीराची संरक्षक यंत्रणा जठरातल्या आम्ल बनवणाऱ्या पेशींवरच उलटते. आम्ल घटलं की लोह नीट शोषलं जात नाही. बी-१२ जीवनसत्त्व शोषायलाही याच पेशी लागतात. पण त्याचा साठा यकृतात वर्षानुवर्षं पुरतो. म्हणून मुलांत बहुधा आधी लोहच कमी पडतं. पोट दुखेलच असं नाही.

निदानासाठी रक्तात फेरिटिन, बी-१२, गॅस्ट्रिन आणि त्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडं पाहतात. मग दुर्बिणीने जठराच्या मधल्या आणि खालच्या भागांचे तुकडे घेऊन वेगवेगळे तपासतात, कारण हा आजार मुख्यतः वरच्या आणि मधल्या भागाला धरतो. मुलाला थायरॉइड किंवा टाइप-१ मधुमेह असेल, तर शंका लवकर घ्यावी.

फिकटपणा एकच, कारणं निराळी, हे मुंबईनेच जगाला दाखवलं आहे. १९२८ साली डॉ. ल्युसी विल्स ब्रिटनहून इथे आल्या. गिरणी कामगार गरोदर स्त्रियांचा रक्तक्षय त्यांनी तपासला. दिसायला तो बी-१२च्या अभावाच्या रक्तक्षयासारखा. पण त्यावर चालणारा यकृताचा शुद्ध अर्क इथे चालेना. यीस्टपासून केलेल्या मार्माइटने मात्र गुण आला. त्यातूनच पुढे फॉलिक अॅसिडचा शोध लागला.

तेच फॉलिक अॅसिड आज शाळेतल्या गोळीत असतं. मात्र बी-१२ कमी असेल, तर नुसत्या फॉलिक अॅसिडने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांची हानी चालूच राहते.

हा आजार मुळापासून जात नाही. पण लोह आणि बी-१२ गरजेप्रमाणे सुईने देता येतं, आणि नियमित तपासणीने मूल हसतं-खेळतं राहतं. तेव्हा महिनाभर औषध देऊनही रक्त वाढलं नाही, तर जुने रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे पुन्हा जा आणि विचारा, ‘का वाढलं नाही?’ हा प्रश्न विचारणं हा आईचा हक्क आहे.